हैदराबादला कोण आहे

सायकलीला पाटी लावली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं धम्मदीप ओव्हाळ अजूनही म्हणतो. कारखान्याच्या रंगाऱ्यानं पत्रा कापून तयार ठेवला होता. त्यावर तो लाल अक्षरांत 'बारामती ते हैदराबाद' लिहून देणार होता, खाली सायकलीचं चित्रही काढणार होता. पण धम्मदीपला ते बरं दिसेना. आपल्या पराक्रमाची पाटी आपणच हँडलला बांधून हिंडायचं म्हणजे निवडणुकीला उभं राहिल्यासारखं झालं. त्यानं नको म्हटलं. विनय हा गुण घरात, कचेरीत, लग्नाच्या मांडवात शोभतो. मागं वळकटी बांधलेल्या सायकलीवर तो माणसाला थेट गोत्यात घालतो.

धम्मदीप बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. वय अडतीस. जगातली कुठलीही वस्तू आणि बहुतेक माणसं त्याच्या डोक्यात तीन रकान्यांत बसत: वापरात, दुरुस्तीला आणि भंगार. कारखान्यातले दोन साहेब त्यानं कधीच तिसऱ्या रकान्यात टाकले होते, फक्त त्यांना कळवलं नव्हतं. स्वतः कुठल्या रकान्यात बसतो ते ठरेना म्हणून ही सफर काढली, असं त्याच्या बायकोचं, करुणाचं मत. तिची सफरीला हरकत नव्हती. आठ दिवस घर मोकळं मिळतंय तर गाद्या पिंजून घ्यायच्या, एवढाच तिनं विचार केला होता.

त्याचं खरं कारण निराळं होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षांत तो जिथं जिथं गेला तिथं कोणी ना कोणी होतंच. पुण्याला चुलता, सोलापूरला मावशी, नागपूरला दीक्षाभूमीवर गेला तर अख्खी आळी बरोबर. लग्न, बारसं, मयत, दवाखाना. कारण असल्याशिवाय आणि पलीकडं कोणी वाट बघत असल्याशिवाय त्याची बॅग कधी भरलीच गेली नव्हती. एकदा तरी अशा गावात उतरावं, जिथं 'किती हो वाळलात' म्हणणारं कोणी नसेल, असं त्याच्या मनानं घेतलं. नकाशावर बोट फिरवत तो थेट हैदराबादपर्यंत गेला, तेव्हा कुठं नातेवाईक संपले.

कारखान्याच्या क्रीडा मंडळात एक फळा होता. त्यावर कॅरम, बुद्धिबळ आणि 'साहस' अशा तीन ओळींत वर्षाच्या विजेत्यांची नावं रंगवली जात. साहसाची ओळ मागच्या वर्षी भरून पुन्हा पुसावी लागली होती, कारण गोव्याला सायकलीनं गेलेला गडी कराडपासून टेम्पोत झोपून गेल्याचं उघडकीला आलं. तेव्हापासून मंडळाचे चिटणीस रामहरी यांनी नियमच केला: वाटेतल्या गावोगावी जबाबदार माणसाची सही आणि शिक्का आणायचा. त्यासाठी वहीही छापून घेतली. 'प्रमाणित करण्यात येते की श्री. ____ हे आज रोजी सायकलीवरून येथे आले' आणि खाली 'शेरा' म्हणून चांगल्या चार ओळी मोकळ्या. त्या चार ओळी धम्मदीपला तेव्हा निरुपद्रवी वाटल्या.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले ते वेगळेच. एकानं सीटला लावायला एरंडेल आणून दिलं. दुसऱ्यानं उस्मानाबादच्या अलीकडं रात्री चालू नका म्हणून बजावलं, पलीकडचं त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यानं कानात सांगितलं की सायकल सरळ एसटीच्या टपावर टाका, सोलापूरनंतर काढा, कोण बघतंय. डिसेंबरातल्या एका सकाळी सहा वाजता नारळ फुटला, हार घातला गेला. करुणानं पाठीवर पडलेली हाराची पाकळी झटकली आणि ती आत गेली, कारण पिंजारी सातला येणार होता. हे आत जाणंही पुढं पुराव्यात आलं.

लिमटेक मागं पडलं तोवर सगळं ठीक होतं. गळीत हंगाम जोरात. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून चाललेल्या, त्यांच्यावरची गाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जात होती. धम्मदीप छाती काढून पेडल मारत होता आणि आपण आता एक प्रवासी आहोत, असं त्याला नुकतंच वाटू लागलं होतं. तेवढ्यात रिकाम्या किटल्यांचा खणखणाट करत एक सायकल त्याच्या शेजारून पुढं गेली.

सायकलीवर गेणबा होता. अंथुर्ण्याकडचा शेतकरी, साठीचा. रोज पहाटे चाळीस लिटर दूध बारामतीत घालायचं आणि रिकाम्या किटल्या घेऊन परत जायचं, असं गेली सव्वीस वर्षं चालू होतं. म्हणजे धम्मदीपनं मनात हिशेब केला तर हा माणूस दर आठवड्याला एक हैदराबाद करत होता. त्याला कोणी नारळ फोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

गेणबानं वेग कमी केला. वळकटी बघितली, पंप बघितला, हँडलला लटकवलेली पाण्याची बाटली बघितली.

"कुठं निगालाव, सायब?"

"हैदराबादला."

"तितं कोण हाय?"

"कोणी नाही."

पुढं जवळजवळ किलोमीटरभर नुसत्या किटल्याच बोलत राहिल्या. मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, की लेकरं किती. धम्मदीपनं सांगितलं, एक मुलगी, मेघना, सातवीला. ऑफिसातून रजा घेतली का नुसतंच निघालाव, असं त्यानं विचारलं. रजा घेतलीय म्हटल्यावर त्याला थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग तो स्वतःविषयी सांगू लागला. लग्नाच्या आठव्या वर्षी म्हशीवरून घरात बोलाचाली झाली, तेव्हा तोही असाच निघाला होता. तीन रात्री भिगवणच्या स्टेशनवर झोपला. चौथ्या दिवशी सासऱ्यानं येऊन नेलं.

"राग कुनाला येत न्हाय?" तो म्हणाला. "पर लांब जाऊ नये. लांब गेलं की नेनाऱ्याचे हाल हुत्यात."

धम्मदीपनं त्याला समजावून सांगितलं की भांडण वगैरे काही नाही, ही सहल आहे. मंडळ आहे, फळा आहे, वही आहे. त्यानं वही काढून दाखवलीसुद्धा. गेणबानं कोरी वही बघितली आणि घरातून कागदपत्रं घेऊन निघालेल्या माणसाकडं बघावं तशा नजरेनं त्याच्याकडं बघितलं. मग सीट दोन बोटं वर घ्या, गुडघं जातील, एवढं सांगून तो पुढं निघून गेला. धम्मदीपनं त्याला मनातल्या मनात 'वापरात' टाकलं आणि आपण सुटलो असं मानलं.

बेलवाडीच्या पुढं चहाच्या टपरीवर त्याला खरा सायकलस्वार भेटला. सुमित नाव, अमरावतीकडचा, पंचवीस-सव्वीसचा, उन्हानं पार काळवंडलेला. त्याच्या सायकलीला पुढं पाटी, मागं पाटी, मधल्या दांडीला राष्ट्रध्वज. भारतभ्रमण करत होता, आता बारामतीकडं निघाला होता. दोन वर्षं झाली होती. त्याच्याजवळ शिक्क्यांच्या वह्याच चार होत्या. हैदराबाद तो तीन वेळा करून आला होता, त्यातलं एक तर वाट चुकून.

"तुम्हाला किती दिवस झाले, काका?" त्यानं विचारलं.

धम्मदीपनं घड्याळ बघितलं. तीन तास झाले होते. तो म्हणाला की आत्ताच सुरुवात आहे.

सुमितनं वही पुढं करून त्याची सही मागितली. जबाबदार व्यक्ती म्हणून आपली सही कोणी मागतंय हे पाहून धम्मदीपला इतकं भरून आलं, की त्यानं सहीखाली हुद्दा, कारखाना आणि घरचा पत्ता सगळं लिहिलं. पोरगा शिक्का मागू लागला. शिक्का नव्हता. सुमितनं 'असू द्या' म्हणून वही मिटली, पण ते 'असू द्या' धम्मदीपला लागलं. ती भरपाई करायला म्हणून तो म्हणाला की बारामतीत आमच्या घरी जा, आंघोळ कर, जेव, मी पाठवलंय म्हणून सांग. तेवढ्यात त्याच्या पोटरीत गोळा आला. गोळा इतका जबर की डोळ्यांतून पाणी काढून गेला. पोटरी धरून तो बाकावर वाकलेला असताना सुमितनं त्याचा निरोप घेतला. सुमितनं बघितलं ते एवढंच: घरचा पत्ता सांगता सांगता काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लासुर्णं ओलांडलं आणि मागून एक लुना आली, तीही सायकलीच्या वेगानं. लुनावर बापूसाहेब गुरुजी होते. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, पांढरी टोपी, काखेत पिशवी. गेणबा लासुर्ण्याच्या चौकात त्यांना भेटून सगळं सांगून मगच घराकडं वळला होता. गुरुजींनी आपण होऊन ओळख सांगितली, हवापाण्याविषयी बोलले, मग एकदम निरखून पाहत म्हणाले, "आपण निमगावच्या ज्ञानूआबांचे जावई ना? करुणा आमच्या शाळेत होती. हुशार मुलगी."

इथं थांबून सांगायला हवं की निमगाव केतकी ही धम्मदीपची सासुरवाडी, आणि इंदापूरचा रस्ता तिच्या पोटातून जातो. हा प्रश्न त्यानं नकाशावरच सोडवून ठेवला होता. सासूबाई, म्हणजे चतुराबाई, जावयाला ताटावरून उठू देत नसत, आणि ताटावरून उठलाच तर खाटेवर आडवं पाडत. तिथं थांबला की दोन दिवस गेले. म्हणून गाव एका दमात ओलांडायचं आणि परत आल्यावर पत्र टाकून माफी मागायची, असं त्यानं ठरवलं होतं. स्टोअरच्या दृष्टीनं योजना चोख होती. नात्याच्या दृष्टीनं तिच्यासारखी चूक त्या रस्त्यावर आजवर कुणी केली नसेल.

"हो," तो म्हणाला, "पण आज थांबणार नाही. आणि गुरुजी, कृपा करून त्यांना सांगू नका."

बापूसाहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांच्या तोंडून 'घरी सांगू नका' ऐकलं होतं, आणि बत्तीस वर्षं त्यावर एकच उपाय केला होता. त्यांनी लुनाची मूठ पिळली. धम्मदीपनं ती लुना इतक्या जोरात जाताना पाहिली आणि गुरुजी कुठं निघाले ते ओळखलं.

त्यानं गळ्यातला मफलर काढून तोंडाला गुंडाळला. नुसते डोळे उघडे ठेवले आणि अंथुर्ण्यातून खाली मान घालून निघाला. अकरा वाजले होते, ऊन चटचटत होतं. ओळखू येऊ नये म्हणून तोंड बांधलेला माणूस दहा पटींनी ओळखू येतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. निमगावात पोचला तर बाजार भरलेला. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची पथारी, कोंबड्यांच्या पाट्या, आणि या सगळ्यातून सायकल हातात धरून चालल्याखेरीज वाट नाही. तो चालला. भाजीवाल्या बाया आपापसात बोलायच्या थांबत, तो पुढं गेला की पुन्हा सुरू होत. एकीनं दुसरीला विचारलं ते त्याच्या कानावर आलं: ह्योच का त्यो. दुसरी म्हणाली, व्हय, चतुराबाईचा.

चतुराबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी नुसता तांब्या पुढं केला. सत्तरीच्या सासूनं भर बाजारात धरलेला तांब्या ओलांडून पुढं जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. धम्मदीपनं मफलर सोडला.

"जय भीम, मामी," तो म्हणाला.

"आदी पानी घ्या," चतुराबाई म्हणाल्या. "मग बोलू."

ज्ञानूआबांच्या अंगणात घोंगडी अंथरलेलीच होती. आबा, बापूसाहेब, दोन चुलतसासरे आणि वाकडी वाट करून मुद्दाम आलेला गेणबा, असे पाच जण बसले होते. आबांनी पहिल्यांदा एकच सांगितलं की करुणा पुढच्या एसटीनं येतेय, तोवर कुणी काही विचारायचं नाही. धम्मदीपला जेवायला वाढलं. तो जेवत असताना पाच जण त्याच्याकडं बघत होते. दुसरी भाकरी नको म्हटल्यावर चतुराबाईंनी पदर डोळ्याला लावला.

तिकडं बारामतीत काय झालं ते नंतर कळलं. आबांनी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला, की दीपराव घर सोडून निघालेत, तू ताबडतोब ये. करुणा हसली. म्हणाली, घर सोडून नाही हो, सहलीला. तेवढ्यात दारात सुमित हजर. काकांनी पाठवलंय म्हणाला. मग आंघोळ करून पाटावर बसता बसता त्यानं सहज सांगितलं, की काका फार खचलेले दिसले, पत्ता सांगताना रडले. करुणानं त्याला वाढलं, पिंजाऱ्याला निम्म्या पिंजलेल्या कापसात बसवून ठेवलं आणि स्टँड गाठला. पस्तीस किलोमीटर ती एकच गोष्ट आठवत राहिली: हा माणूस निघताना मी थांबले नाही, आत गेले.

ती आली ती दारातूनच म्हणाली, "काय झालं? मला सांगायचं तरी होतं."

"काहीच झालेलं नाही," धम्मदीप म्हणाला.

"बगा," गेणबा हळूच म्हणाला, "मलाबी सकाळी असंच म्हनलं."

बैठक सुरू झाली. बापूसाहेबांनी आधी सांगितलं की मनात जे असेल ते दोघांनीही उघड बोलावं, कुणी कुणाचं बोलणं तोडू नये. करुणा म्हणाली, माझं काही नाही. गुरुजी म्हणाले, काही नसतं असं नसतं, आठव. तिनं आठवलं. मग म्हणाली की तसं विशेष नाही, पण मी बोलते तेव्हा हे स्टोअरमधल्या नोंदीसारखं नुसतं 'हूं' करतात, वर बघत नाहीत. धम्मदीपला हे अन्यायाचं वाटलं. त्यानं सांगितलं की वर बघितलं तर ऐकून घ्यावं लागतं. इतक्यात एक चुलतसासरे 'हां' म्हणाले, आणि त्या एका 'हां'नं बांध फुटला. चौदा वर्षांतल्या गोष्टी निघाल्या. मेघनाच्या बारशाला त्यानं पाहुण्यांची यादी अ, ब, क अशी केली होती, आणि करुणाची मावशी क मध्ये होती. तिच्या माहेरून आलेलं घड्याळ त्यानं 'दुरुस्तीला' लिहून माळ्यावर टाकलं होतं. त्याच्या आईचं दुखणं तिनं शेजारणीकडून त्याच्या कानावर घातलं होतं. दोन वाजेपर्यंत नसलेलं भांडण व्यवस्थित, पायापासून बांधून उभं राहिलं होतं, आणि त्यात बोलण्यासारखं इतकं निघालं की धम्मदीप स्वतःच चकित झाला.

मग ते मिटवलं गेलं. सहल आहे, वही आहे, हे त्यानं शेवटचं सांगून बघितलं. पुरावा म्हणून वही मधे ठेवली. बापूसाहेबांनी ती चाळली, छापील मजकूर दोनदा वाचला आणि पिशवीतून शिक्का काढला. सेवानिवृत्त असूनही तो त्यांच्याजवळ होता, 'सेवानिवृत्त' हा शब्दही त्यावर होता. त्यांनी शेऱ्याच्या चारही ओळी भरल्या: 'सदर इसम आज रोजी सायकलीवरून येथे आले. पंचांनी समजूत घातल्यावरून राग मनातून काढून टाकून घरी परत जाण्यास खुशीने राजी झाले. पुन्हा असे करणार नाहीत.' खाली पाच सह्या, चतुराबाईंचा अंगठा आणि गोल शिक्का, अगदी ठसठशीत. रामहरींनी पाहिला असता तर डोळे मिटून मान्य केला असता असा.

धम्मदीपनं सही केली. इंदापूर अजून तेरा-चौदा किलोमीटर लांब होतं आणि हैदराबाद, नकाशावर होतं तिथंच.

उठता उठता गेणबा त्याच्याजवळ आला. त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता. "सायब, सकाळधरनं डोकं चालिवतोय. तुमी म्हनलाव तितं कोन न्हाय, ते माझ्या मनाला लागलं. हाय की. माझ्या साडवाचा भाव कुंडलिक, सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात. धा वर्सं झाली. आता कदी गेलाव तर उगी परक्यावानी जाऊ नगा. मी कार्ड टाकतो त्याला."

नको, असं धम्मदीपनं म्हणायला तोंड उघडलं. पण नको म्हणण्याचं त्या दिवशी काय होतं हे त्याला कळून चुकलं होतं. त्यानं मान हलवली.

परत येताना सायकल एसटीच्या टपावर होती. शेजाऱ्याचा सल्ला असा उलट दिशेनं फळाला आला. करुणा खिडकीशी होती. भवानीनगर आलं तशी ती त्याच्याकडं वळली.

"खरं सांगा," मग ती म्हणाली, "रागावला नव्हतात ना?"

"नाही."

"मग निघालात कशासाठी?"

कारण सांगितलं असतं, तर जिथं कोणी नाही तिथं जायचंय म्हणजे आम्ही नको आहोत का, हा पुढचा प्रश्न तयार होता. आणि त्याचं उत्तर 'नाही' असलं तरी ते बसमध्ये, वर सायकल असताना, पटवून देता येण्यासारखं नव्हतं. तो 'हूं' म्हणाला. मग चटकन वर बघितलं.

मंडळात वही सादर झाली. रामहरींनी ती नियमानुसार तपासली. सही आहे, शिक्का आहे, जबाबदार व्यक्ती आहेत, एकाच ठिकाणी सहा. फक्त अंतर आणि शेरा आडवे आले. फळ्यावर साहसाच्या ओळीत रंगाऱ्यानं 'निरंक' लिहिलं, आणि ते लाल अक्षरांत लिहिलं, कारण पाटीसाठी काढून ठेवलेला रंग उरला होता. कॉलनीत तर धम्मदीप दळणाचा डबा घेऊन सायकलीवर टांग टाकू लागला की समोरचे गृहस्थ बाहेर येत आणि प्रेमानं विचारत, की वहिनींना सांगून निघालात ना.

पंधरा दिवसांनी एक अंतर्देशीय पत्र आलं. हैदराबादचा शिक्का. धम्मदीपला हवा होता तो शिक्का, बोटाला शाई लागावी इतका ताजा. आत कुंडलिक नावाच्या, त्यानं कधी न पाहिलेल्या माणसाचं वळणदार अक्षर होतं. 'आपले व वहिनींचे भांडण मिटल्याचे वाचून घरातील सर्वांस आनंद झाला. चिमुकल्या मेघनास आशीर्वाद. इकडे आपल्या भागातील बावीस घरे आहेत, सर्वांना आपल्याविषयी कळवले आहे. कधी येता ते कळवावे. आपण फार वाळला आहात असे गेणबा लिहितात, तरी महिनाभर तरी सोडणार नाही.'

त्यानं ते पत्र दोनदा वाचलं. मग नकाशा काढला, हैदराबादवर बोट ठेवलं आणि ते पुढं सरकवू लागला. बोट विजयवाड्यापर्यंत गेलं आणि त्यापुढं समुद्रच लागला.